चौथा कोपरा

९ फेब्रुवारी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. याच्यापुढे काय काय लिहायचं असतं ते आई सांगत होती, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ती बाहेर गेली. म्हणून सध्या नमस्कारावरच भागवते.

परवा फोनवर मी बोलले नाही त्याचा राग मानू नकोस. तू दोनदा विचारलंस की ऐकतेस ना, आणि मी दोन्ही वेळा मान हलवली. हलवलेली मान फोनमधून दिसत नाही हे आईने नंतर सांगितलं. त्यामुळे पत्रच बरं. पत्रात कुणी समोर थांबून राहत नाही.

तू पाठवलेला कॉलेजचा कागद मी तिथली भाषा शिकवणाऱ्या क्लासच्या बाईंकडून वाचून घेतला. आधी वाटलं तू थट्टा करतेयस. जुन्या खुर्च्या दुरुस्त करायला शिकवायचं कॉलेज असतं, आणि त्यासाठी लोक परदेशातून येतात, हे बाबांना सांगितलं तर ते हसत सुटले. म्हणाले की आपल्या दुकानात हे सगळं फुकट शिकवलं जातं, वर दोन वेळा जेवण. मग त्यांनी कागद मागून घेतला आणि त्यातला कोचाचा फोटो बराच वेळ बघत बसले.

त्यात लिहिलंय की शाळा पूर्ण केलेली नसली तरी चालेल, हातचं काम दाखवा. ते वाक्य मी बाईंना परत वाचायला लावलं. शाळेचं तुला माहीत आहेच. उभं राहून धडा वाचायला सांगायचे आणि माझा आवाज निघायचा नाही. मग एक दिवस मी गेलेच नाही, दुकानात येऊन वेत भिजत घातला, आणि कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून दुकानातच आहे.

आत्या, मला जायचंय. का ते फक्त तुला सांगते. आपल्या दुकानातून कुठलीही खुर्ची बाहेर जायच्या आधी बाबा तिच्यावरून शेवटचा हात फिरवतात. आजोबा असेपर्यंत ते फिरवायचे, आता बाबा. कुठे सैल लागलं की तेवढं उसवून स्वतः परत विणतात. खुर्ची छान होते, पण मग ती माझी राहत नाही. इतकी वर्षं विणतेय, पण वेताच्या पहिल्या पट्टीपासून शेवटच्या गाठीपर्यंत माझ्या एकटीची अशी एकही खुर्ची या गावात नाही. मला एक तरी तशी करायचीय. इथे राहून ते होणार नाही, कारण बाबा वाईट नाहीत, त्यांना फक्त राहवत नाही.

हे बाबांना सांगू नकोस.

आई परत आली. म्हणतेय शेवटी लोभ असावा असं लिही. तो आहे हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

तुझी,
खार


२१ फेब्रुवारी

चि. खारीस,

अनेक आशीर्वाद आणि एक हलकी चापट. चापट फोनसाठी. अगं, तुझा नुसता श्वास ऐकू येत होता, मला वाटलं दुकानात चोर शिरला आणि त्याने फोन उचलला.

तुला जायचंय हे पत्रात वाचलं तेव्हा मी डेपोतल्या बाकावर बसले होते. एवढ्या मोठ्याने हो म्हणाले की शेजारचा ड्रायव्हर दचकला. लहानपणी बाकाखाली बसून वेताचे तुकडे डब्यात साठवायचीस म्हणून मी तुला खार म्हणायला लागले. खारी झाडावरून झाडावर उड्या मारतात हे तू विसरलीस, पण मी विसरलेले नाही.

आता नीट ऐक. कॉलेजच्या फाटकासमोरच माझ्या बसचा थांबा आहे. काल सुट्टी होती म्हणून आत जाऊन विचारून आले. तुला एक स्टूल विणून पाठवायचंय. ते माझ्या पत्त्यावर पाठव, मी नेऊन देते. मग एप्रिलमध्ये दोन शिक्षक स्क्रीनवर तुझ्याशी बोलतील. तुझ्या वतीने मी बोलू का असं विचारलं, तर नाही म्हणाले. आणि नियम एकच, पण कडक. काम फक्त तुझ्या हातचं हवं. दुसऱ्या कुणाचा हात लागलाय असं दिसलं तर अर्ज बाजूला ठेवतात आणि परत घेत नाहीत. मागच्या वर्षी एका मुलाचं असंच झालं म्हणे.

बोलायचं टेन्शन घेऊ नकोस. मी इथे बस चालवायला नवीन होते तेव्हा मला थांब्यांची नावं माइकवर घेता यायची नाहीत. जीभ अडकायची आणि मागून पोरं हसायची. मग मी डेपोत रिकामी बस उभी करून खुर्च्यांना नावं ऐकवायचे. खुर्च्या हसत नाहीत. तुझ्याकडे तर ढिगाने आहेत.

माझ्या वरच्या मजल्यावरची छोटी खोली तुझी. खिडकीतून डेपो दिसतो. एक खुर्चीही आहे, कुणीतरी रस्त्याच्या कडेला टाकलेली उचलून आणली. बसायच्या जागी नुसतं भोक आहे. मी त्यावर फळी टाकून बसते आणि कुणाला दुरुस्त करू देत नाही. कुणासाठी ठेवलीय ते तूच ओळख.

माझ्या भावाला नमस्कार सांग आणि सांग की हसायचं असेल तर हस, पण पोरीला वेत चांगला दे.

माया तुझ्यावर आहेच, ती मागून घ्यायची वस्तू नाही.

तुझी,
आत्या


१४ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. हे आज पूर्ण लिहिलंय, बघ.

स्टूल आज पाठवलं. तुला मिळेल तेव्हा आधी जरा थोपट, प्रवासाने दमलेलं असेल.

बाबांनी चौकट स्वतः निवडून दिली आणि वेतातला सगळ्यात चांगला जुडगा माझ्यासमोर टाकला. म्हणाले की हे तुझं, मी बघणारसुद्धा नाही. आणि खरंच ते पाठ करून बसायचे. पण आत्या, पाठ करून बसलेला माणूससुद्धा ऐकत असतो. मी पट्टी ओढली की त्यांचे खांदे हलायचे.

तीन कोपरे चांगले झाले. चौथा जरा सैल राहिला. मागच्या पायाकडचा. तिथे तिरपी पट्टी शेवटी येते तेव्हा माझी बोटं दमलेली असतात आणि ताण सुटतो. उसवावं का म्हणून मी खूप विचार केला. मग म्हटलं, नाही. हे माझ्या एकटीचं पहिलं काम आहे, ते जसं झालंय तसं जाऊ दे. 

सकाळी मी औषधवाल्याकडे मोठा खोका मागायला गेले. त्याने आधीच सगळे देऊन टाकले होते, म्हणून पुढे बेकरीपर्यंत जावं लागलं. परत आले तर बाबांनी स्टूल कापडात गुंडाळून, सुतळीने बांधून तयार ठेवलेलं. आत्या, बाबांनी आयुष्यात कधी काही गुंडाळलेलं नाही. ते काम आईचं. आई म्हणाली की बापाचं मन आहे, आता तरी मदत करू दे. मला बरं वाटलं.

पासपोर्टचा फोटो काढला. फोटोवाला म्हणाला जरा चेहरा मोकळा करा, तर मी अजूनच आवळला. आई म्हणते फोटोत मी कुणाचं तरी काहीतरी चोरून उभी आहे असं वाटतं.

खुर्च्यांशी बोलायला लागलेय. दुकान बंद असतं तेव्हा, दुपारी. आधी नुसतं कुजबुजायचे. आता डॉक्टरांकडच्या सहा खुर्च्या आल्यात, त्यांना रोज सांगते की माझं वय काय, मला काय येतं, मला तुमच्या कॉलेजात का यायचंय. सहावी खुर्ची जरा लंगडी आहे, तिला दोनदा सांगते.

बाबांचा आणि आईचा नमस्कार. लोभाचं तू सांगितलंस तसं, मागत नाही.

तुझी,
खार


२ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. रागात लिहितेय, त्यामुळे कुशल विचारत नाही. वहिनीला मात्र विचारलंय म्हणून सांग.

काल पार्सल मिळालं. उघडून टेबलावर ठेवलं आणि दोन मिनिटं नुसती बघत राहिले, इतकं सुंदर विणलंय पोरीने. मग सवयीने उलटं केलं. दादा, मी लहानपणी किती दुपारी त्या दुकानात खुर्च्यांखाली लोळत घालवल्यात ते तू विसरलास. खालून बघितल्यावर मला कुठली खुर्ची कुणी विणली ते आजही कळतं. पोरीच्या गाठींची शेपटं उजवीकडे वळतात. तू डावखुरा. तुझी डावीकडे. तीन कोपऱ्यांत उजवीकडे आणि चौथ्यात डावीकडे? तो कोपरा आपोआप फिरला का?

तुला नियम माहीत होता. मी पत्रात लिहिला होता आणि वहिनीने तो तुला वाचून दाखवला असणार, कारण वहिनी सगळं वाचून दाखवते. पोरीने मला लिहिलं होतं की चौथा कोपरा सैल राहिलाय आणि तो तिने मुद्दाम तसाच ठेवलाय. मुद्दाम, दादा. किती जिवावर आलं असेल तिच्या. आणि तिने पाठ फिरवल्यावर तू तो उसवलास.

उद्या शेवटची तारीख आहे. दुसरं स्टूल मागवायला वेळ नाही. मी उद्या हे नेऊन देते, कारण न देणं म्हणजे आत्ताच हरणं. ते लोक उलटं करून बघणार नाहीत असं समजू नकोस, खुर्च्यांचेच मास्तर आहेत ते.

तू पोरीला सांग. मी सांगितलं तर ती चहाडी होईल. तू सांगितलंस तर ती तयार होऊन बसेल आणि काय करायचं ते तिचं तिला ठरवता येईल. वीस तारखेला ते तिच्याशी बोलणार आहेत, त्याच्या आत सांग. तुझा शेवटचा हात फिरवायचाच असेल तर तो या सांगण्यावर फिरव.

रागावलेली तरी तुझीच, धाकटी असूनही
ताई


१२ एप्रिल

चि. ताईस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं. या वेळी तुझ्या वहिनीने वाचून दाखवलं नाही, मी ते तिच्या हातून काढून घेऊन मागच्या खोलीत वाचलं. त्यामुळे तिला काहीतरी आहे हे कळलंच.

माझं ऐकून घे. मला फसवायचं नव्हतं. पोरगी खोका आणायला गेली आणि स्टूल समोर होतं. मी फक्त अंगठा फिरवला. चौथ्या कोपऱ्यात अंगठा खाली गेला. त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, खरंच. हात चालतच गेले. आपल्या बाबांनी मला हेच शिकवलं की आपल्या दाराबाहेर सैल काही जाता कामा नये. गाठ मारून झाल्यावर नियम आठवला. मग उसवून परत सैल कसं करणार? सैल मला विणता येत नाही. म्हणून गुंडाळून टाकलं.

सांगायचं मी रोज ठरवतो. पण ताई, दुपारी दुकान बंद करून ती आत डॉक्टरांच्या खुर्च्यांसमोर उभी राहते आणि बोलते. मोठ्याने. मी बाहेर पायरीवर बसतो. शब्द मला कळत नाहीत, तिथली भाषा आहे. पण एवढा सलग आवाज मी तिचा कधी ऐकलेला नाही. शाळा सोडली तेव्हाही ती एवढी बोलली नव्हती. आता मी आत जाऊन सांगितलं की तुझं काम मी बिघडवलंय, तर तो आवाज परत बंद होईल अशी मला भीती वाटते. मग ती स्क्रीनसमोर बसणारच नाही.

त्या लोकांना दिसणार नाही कदाचित. तू उगाच घाबरवतेस.

वहिनीला सांगितलं. तिने मला जेवण वाढलं आणि स्वतः पुढच्या खोलीत जाऊन जेवली.

तुझा,
दादा


२१ एप्रिल

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. अक्षर सांभाळून घे.

काल झालं. सगळं सांगते, नाहीतर मला झोप लागायची नाही.

शेजारच्या चष्मेवाल्या काकांनी त्यांचा लॅपटॉप दिला. तो कामाच्या बाकावर खोका उलटा करून त्यावर ठेवला. बाबांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि बाहेर जाऊन बसले. आई पुढे उभी राहून येणाऱ्या गिऱ्हाइकांना तोंडावर बोट ठेवून परत पाठवत होती. एक बाई उशीचं माप द्यायला आल्या होत्या, त्यांना वाटलं घरात कुणी आजारी आहे.

स्क्रीनवर एक बाई होत्या, केस आखूड, आणि एक म्हातारे सर, ज्यांच्या भुवया मिशीएवढ्या. सुरुवातीचं मला सगळं आलं. वय, काम, का यायचंय. मी समोर सहा खुर्च्या बसल्यात असं धरून चालले. बाई हसून मान हलवत होत्या आणि मला वाटलं, अरे, जमतंय.

मग त्यांनी माझं स्टूल उचललं आणि उलटं केलं. आणि पेन्सिलीने एका कोपऱ्यावर टकटक केलं. म्हणाल्या की इथल्या गाठी वेगळ्या दिशेला का आहेत?

आत्या, मला एका क्षणात सगळं कळलं. बेकरीपर्यंत गेले होते ते, बाबांनी स्वतः गुंडाळून ठेवलं होतं ते, सगळं. आणि माझं शाळेत व्हायचं तसं झालं.  बाहेर बाबा खोकले, तेसुद्धा ऐकू आलं.

गप्प बसायला मला सगळ्यात चांगलं जमतं. मी नुसती मान हलवली असती, नाहीतर काहीतरी पुटपुटले असते, तर त्यांनी समजून घेतलं असतं की मुलगी लाजाळू आहे, आणि पुढचा प्रश्न विचारला असता. बहुतेक. माझ्या मनात ते आलं, खोटं कशाला बोलू. पण मग मनात आलं की असं केलं तर हे स्टूलही माझं राहत नाही. आणि मग तिथे जायचं तरी कशाला?

मी म्हणाले की तो कोपरा माझा नाही. तो माझ्या वडिलांचा आहे.

ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले. आणि मला वाटलं आता गेलंच आहे तर सगळं सांगूनच टाकू. मी सांगितलं की वडील डावखुरे आहेत. मी लहानपणी त्यांच्या शेजारी नाही, समोर बसून शिकले, एकाच खुर्चीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं, म्हणून माझं काम त्यांच्या कामाचा आरसा आहे. आमच्या दुकानात शेवटचा हात त्यांचा असतो. माझा कोपरा सैल होता, मी तो सैलच पाठवला होता, आणि मी खोका आणायला गेले तेव्हा त्यांनी तो घट्ट केला. मला आत्ता कळलं. यातलं एकही वाक्य मी खुर्च्यांना कधी म्हणून दाखवलं नव्हतं. अर्ध्या शब्दांच्या जागी मी हातांनी दाखवत होते. क्लासच्या बाईंनी ऐकलं असतं तर व्याकरणाला रडल्या असत्या.

भुवयावाले सर म्हणाले की तो कोपरा आत्ता विणून दाखवशील का? मी लंगडी खुर्ची ओढली, तिची बैठक अर्धी झाली होती, आणि त्यांच्यासमोर कोपरा विणला. पट्टी दोनदा सुटली. झाल्यावर अंगठा फिरवला. आत्या, परत सैल! मी स्वतःच सांगितलं त्यांना, की बघा, परत सैल झालाय.

बाई काहीतरी म्हणाल्या ते मला कळलं नाही. परत म्हणायला सांगितलं, मी, स्वतः. त्या म्हणाल्या की सगळंच घट्ट येत असतं तर इथे येऊन काय केलं असतंस?

पण मग म्हणाल्या की नियम आहे, त्यामुळे आम्ही दोघंच ठरवू शकत नाही. बाकीच्यांना विचारून कळवू. म्हणजे काहीही होऊ शकतं.

बाहेर आले तेव्हा बाबा पायरीवरून उठले. कान लाल झालेले. मी त्यांच्यावर ओरडले. म्हणजे साध्या आवाजातच बोलले, पण आई म्हणते आमच्या घरात याला ओरडणं म्हणतात. मी म्हणाले की तो कोपरा माझा होता, सैल होता तरी माझा होता.  मी सांगायला हवं होतं, एवढंच बाबा म्हणाले, आणि आत जाऊन स्वच्छ असलेला बाक पुसत बसले.

आता गंमत सांगते. कॉलेज हातातून जाईल बहुतेक, तरी मला काल संध्याकाळपासून एकदम हलकं वाटतंय. खूप वेळ पाण्यात ठेवलेली पट्टी कशी वळते, तसं.

तुझी,
खार


५ मे

चि. खारीस,

आशीर्वाद, आणि या वेळी चापट नाही.

मला त्या कोपऱ्याचं माहीत होतं. पार्सल उघडलं त्या दिवशीच. तुझ्या बापाला लिहिलं की तू सांग, आणि त्याच्या भरवशावर राहिले. तो तुला सांगू शकला नाही कारण तू खुर्च्यांशी बोलत होतीस आणि त्याला तो आवाज थांबवायचा नव्हता. हे त्याने मला लिहिलंय. तुला कधीच सांगणार नाही, म्हणून मी सांगते. त्याच्यावर रागाव, पण एवढं लक्षात ठेवून रागाव.

तुझं पत्र मी डेपोत वाचलं. मान हलवून वेळ मारून नेली असतीस असं वाचलं तेव्हा पत्र मिटून ठेवलं. मग परत उघडून पुढचं वाचलं, आणि मी उठून उगाचच रिकाम्या बसमध्ये जाऊन बसले.

रोज कॉलेजच्या फाटकासमोर बस थांबवते आणि आत बघते. काहीच दिसत नाही, नुसती झाडं. तरी बघते. काल एक प्रवासी म्हणाले की बाई, दार बंद करा, वारं येतंय.

फळी टाकलेली खुर्ची तशीच आहे. काही झालं तरी ती तुझीच. नाही म्हणाले तर सुट्टीत येऊन विणून जा.

इकडून मायेला कधी कमी नाही,
आत्या


२८ मे

ती. आत्यास,

नमस्कार नमस्कार नमस्कार.

घेतलं!

आईने पाकीट आणलं आणि माझ्या हातात द्यायच्या ऐवजी स्वतःच्या पोटाशी धरून उभी राहिली. मग क्लासच्या बाईंकडे आम्ही तिघंही गेलो. बाबा चपला उलट्यासुलट्या घालून आले. बाईंनी वाचलं. त्यांनी असं ठरवलंय की बाबांनी केलेला कोपरा कॉलेजात उसवून ठेवायचा. स्टूल तसंच तीन कोपऱ्यांचं माझी वाट बघत राहील. पहिल्या दिवशी वर्गात बसून चौथा कोपरा मी विणायचा. तो झाला की प्रवेश पक्का. कसा झाला पाहिजे असं काही लिहिलेलं नाही, फक्त माझा झाला पाहिजे.

बाई वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या की असं पत्र त्यांनी कधी बघितलं नाही. आईने तिथेच खुर्चीत बसून घेतलं. बाबांनी विचारलं की माझा कोपरा खरंच उसवणार? बाई हो म्हणाल्या.  मग बाबा म्हणाले की त्यांना सांगा, सांभाळून उसवा, मी जरा घट्ट केलाय. आम्ही तिघी इतक्या हसलो की बाईंच्या घरातलं मांजर पळून गेलं.

तू लिहिलंस ते मी लक्षात ठेवलंय. राग होता, पण आता पायरीवर बसलेले बाबा दिसतात आणि राग कुठे ठेवू ते कळत नाही.

व्हिसाची मुलाखत पुढच्या महिन्यात. आता मला तिची भीती कमी वाटते. भीती वाटते विमानाची, आणि तुझ्या स्वयंपाकाची.

तुझी,
खार


१९ जुलै

चि. ताईस,

आशीर्वाद. पोरीचा व्हिसा झाला. खिडकीतल्या साहेबाने तिला विचारलं की शिकून परत येणार का, तर ती म्हणाली की येणारच, आमच्या दुकानात बसायला जागा कमी आहे पण खुर्च्या खूप आहेत. साहेब हसला म्हणे. माझा आधी विश्वास बसेना की हे ती बोलली, पण तिच्या आईने बाहेरून काचेतून त्याला हसताना बघितलंय.

सामानाचं चाललंय. मी तिच्या बॅगेत वेताचे दोन जुडगे टाकले, ते वहिनीने काढले, मी परत टाकले, आता एक आहे. तिकडे वेत मिळतो हे मला माहीत आहे. आपल्यासारखा मिळतो का ते तू कळव.

तू वर्षभर रुसू नकोस. चुकलो ते चुकलो. इथून पुढे ती बसमधून उतरली की तिच्याकडे लक्ष ठेव, पण तिला कळू देऊ नकोस. तिला आवडत नाही.

तुझा,
दादा


३० ऑगस्ट

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. हे पत्र तुला माझ्यानंतर मिळेल कदाचित. मग आपण दोघी मिळून वाचू.

बॅग भरून झाली. आईने ती उचलून बघितली आणि म्हणाली की यात तू मावली असतीस तर बरं झालं असतं, विमानतळावर पोचवायला सोपं. मग आत जाऊन बराच वेळ भांडी आवरत बसली. भांडी आवरलेलीच होती. आमच्या घरात सगळेच आवरलेलं आवरतात, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. समोरच्या न्हावीकाकांची खुर्ची दुकानात पडून होती, त्यांच्याकडे आरशासमोर असते ती. मी म्हणाले जायच्या आधी ही मी करते. पहिल्या पट्टीपासून मीच केली. बाबा या वेळी पाठ करून बसले नाहीत. समोर बसले, पूर्वीसारखे, फक्त त्यांच्या हातात काही नव्हतं. ते मी कसं शिकले होते ते आठवत असतील, किंवा नुसते बसले असतील. मी विचारलं नाही.

आज सकाळी शेवटची गाठ मारली. न्हावीकाका घ्यायला आले होते. बाबा उठले आणि नेहमीसारखा अंगठा फिरवायला लागले. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. आई पडद्याआड उभी होती, मला तिचे पाय दिसत होते. चौथ्या कोपऱ्यात अंगठा थोडा खाली गेला. मला दिसलं. त्यांना दिसलं. न्हावीकाकांनाही काहीतरी आहे असं वाटलं, कारण ते विचारायला लागले की खुर्चीला काय झालं.

बाबांनी हात काढून घेतला आणि मागे बांधला. म्हणाले की काही नाही, झालीय, घेऊन जा.

काकांनी ती डोक्यावर उलटी घेतली आणि रस्ता ओलांडला. गाठींची शेपटं वर आली होती, सगळी उजवीकडे. मी आणि बाबा दारात उभे राहून ती त्यांच्या दुकानात शिरेपर्यंत बघत होतो.

आत्या, पत्र संपवते. बाबांनी वाचायला मागितलंय आणि पेनही मागितलंय. ते काय लिहितात ते मी बघणार नाही, पाठ करून बसते.

लवकरच येणारी,
खार

ता. क. ताई, न्हाव्याच्या खुर्चीचा चौथा कोपरा थोडा सैल आहे. तसाच जाऊ दिला. — दादा